यॉर्की, लांब केस आणि आपली हवा : शंका, अनुभव आणि वाद, सगळं इथे

गवतफुला

आमच्याकडे भुंगा नावाचा यॉर्कशायर टेरियर, म्हणजेच यॉर्की आहे. नाशिकच्या मावशीने हौसेने आणला होता. पुढे तिचे गुडघे साथ देईनात, तेव्हा तो पुण्याला आमच्याकडे आला. वजन जेमतेम तीन किलो, आवाज सोसायटीच्या गेटपर्यंत जाणारा. इथे लॅब, जर्मन शेफर्ड आणि इंडी (आपले देशी कुत्रे) यांच्याबद्दल भरपूर वाचायला मिळतं. लांब केसांच्या छोट्या टेरियरबद्दल मात्र "कित्ती गोड!" याच्या पुढे कोणी बोलत नाही, म्हणून हा वेगळा धागा. शित्झू, ल्हासा, माल्टीजवाल्यांनीही यावं, आपलं दुखणं बरंचसं सारखंच आहे.

आधी केसच घेते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. यॉर्कीला पॉमेरेनियनसारखा आतला मऊ थर नसतो. एकच थर, रेशमी, आणि तो आपल्या केसांसारखा वाढतच राहतो. "केस गळत नाहीत हो, सोफ्यावर एक दिसणार नाही" असं सांगून विकणारे विकतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण थोडेफार केस गळतातच. ते खाली न पडता शेजारच्या केसांत अडकून बसतात. तिथे गुंता, गुंत्याची जट, जटेखाली ओल. पावसाळ्यात भिजलेला कुत्रा वरवर पुसून सोडून दिला की दोन दिवसांत कातडीवर लाल चट्टे आणि वास.

जागा ठरलेल्या आहेत : कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि हार्नेसचा पट्टा घासतो तिथे. वरून ब्रश फिरवला की कुत्रा फोटोत छान दिसतो, आत मात्र गालिचा झालेला असतो. म्हणून केसांचा एकेक पदर उचलायचा आणि कातडीपासून टोकापर्यंत विंचरायचं. कोरडे केस ओढायचे नाहीत, तुटतात. पाण्यात थोडं कंडिशनर घालून हलका फवारा मारायचा, आधी पिन ब्रश, मग स्टीलचा बारीक-मोठ्या दातांचा कंगवा. कंगवा कुठेही न अडखळता निघाला तरच काम झालं. ब्रश खोटं बोलतो, कंगवा बोलत नाही.

अंघोळीच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगते : गुंता आधी काढायचा, पाणी नंतर. जट भिजली की आवळून बसते आणि मग कात्रीशिवाय उपाय राहत नाही. आपला शाम्पू वापरू नये. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि आपल्याइतकी आम्लधर्मी नसते, त्यामुळे ती कोरडी पडते, मग खाज सुटते, खाजवून पुन्हा गुंता. आणि पूर्ण सुकवायचं. पंख्याखाली नाही, ड्रायरने, कोमट हवेवर, मुळापर्यंत.

आता मूळ वाद. केस लांब ठेवायचे की कापायचे? आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. आईचं म्हणणं, "केसांसाठीच तर हा कुत्रा ओळखला जातो, ते कापले तर उरलं काय?" माझं म्हणणं, उरला टेरियर, म्हणजे उंदीर-घुशींमागे लागणारा शिकारी. भुंगा कुंड्या उकरतो, पार्किंगमध्ये घुशीचा वास लागला की पाइपच्या तोंडाशी ठाण मांडून बसतो, टेकडीवर गवतात शिरतो. हे सगळं त्याला मनापासून हवं असतं. केस जमिनीला टेकणारे ठेवायचे तर यातलं प्रत्येक सुख त्याला नाकारावं लागतं. "नको, केस घाण होतील" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुत्रा केसांसाठी पाळलाय की केस कुत्र्यासाठी आहेत हे कळेना.

त्यात आपली टेकडी. पाऊस संपून गवत पिवळं पडलं की कुसळं. आघाडाही असतोच. आघाड्याचं बी निदान दिसतं आणि ओढून निघतं. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. लांब केसांत ते दिसत नाही, बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरतं, कातडी भोकसून आत जातं आणि गळू होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फिरून आलं की आम्ही आधी चारही पंजे बोटं फाकवून बघतो, मग कान, मग काख. कुत्रा एकाच कानावर सारखा पंजा मारत असेल किंवा डोकं झटकत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकी गोष्टी थोडक्यात. गळ्यात पट्टा नाही, छातीला हार्नेस. दात रोज घासायचे, कुत्र्यांच्या पेस्टने. फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या बंद आणि आमच्यापैकी एक जण घरी.

लिहा तुम्हीही.

कल्याण_स्लो

धागा वाचतोय. बायकोला आणि मुलीला यॉर्की हवाय. एकाने "टीकप यॉर्की" म्हणून फोटो पाठवलेत, पिल्लू अक्षरशः कपात बसवलंय. चंदेरी रंग, नाक चपटं. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. दोन प्रश्न. यॉर्की आणि शित्झू यांत फरक काय? आणि टीकप ही वेगळी जात आहे का?

गवतफुला

@कल्याण_स्लो, टीकप नावाची कुठलीही मान्य जात नाही. ब्रिटिश केनेल क्लबच्या मानकात यॉर्कीचं वजन ३.२ किलोपर्यंत, एवढंच. त्याहून फारच लहान म्हणजे एक तर कमजोर पिल्लू, नाही तर वय खोटं सांगितलेलं. चपटं नाक असेल तर तो बहुधा शित्झू किंवा मिश्रण. यॉर्कीचं तोंड लहान पण पुढे आलेलं, कान छोटे आणि उभे. आणि यॉर्कीची पिल्लं जन्मतात काळी-तपकिरी. पाठीवरचा पोलादी निळा रंग वयाबरोबर हळूहळू उतरतो. छोटं पिल्लू आत्ताच चंदेरी असेल तर विचारा, हे काय आहे म्हणून.

गोठ्यातला_डॉक्टर

मी मूळचा गाई-म्हशींचा डॉक्टर. तालुक्याच्या गावात आता चार घरांआड शित्झू आणि एखाददुसरा यॉर्की दिसतो, त्यामुळे शिकावंच लागलं.

कल्याण_स्लो, टीकपच्या नादाला लागू नका. या आकाराच्या पिल्लांचा नेहमीचा घात म्हणजे रक्तातली साखर उतरणं. यकृतात साठा कमी, अंगावर चरबी नाही, त्यात नवं घर, भीती, एक वेळ जेवण चुकलं की पिल्लू मलूल होतं, लटपटतं, फेफरं येऊ शकतं. तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाऊ घालायचं. लटपटताना दिसलं तर बोटाने हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तडक दवाखाना. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जातं.

दुसरं, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडून विकणं केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार बेकायदा आहे आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. आई कुठे आहे ते बघायला मागा. "आई गावाला असते" म्हणाला तर तुम्हीही आपल्या गावाला निघा.

आता पाळलेल्यांसाठी. या जातीत मी चार गोष्टी बघतो.

श्वासनलिका. यॉर्कीच्या श्वासनलिकेच्या कूर्चा काही वेळा कमकुवत असतात आणि नळी चपटी होते. घरी बेल वाजली, कुत्रा उत्तेजित झाला की बदकासारखा कर्कश कोरडा खोकला. लोक म्हणतात घशात काही अडकलंय. पट्टा ओढला की वाढतो, वजन वाढलं की वाढतो, घरात उदबत्ती-धुराने वाढतो. गवतफुला यांनी हार्नेस म्हटलंय त्याचं कारण हे.

गुडघ्याची वाटी. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार उड्या आणि पुन्हा नीट चालायला लागला तर त्याला लाड समजू नका. वाटी सरकते. सौम्य असेल तर वजन आटोक्यात ठेवणं आणि सोफ्यावरून उड्या कमी करणं, जास्त असेल तर शस्त्रक्रिया.

दात. लहान जबड्यात बेचाळीस दात दाटीवाटीने बसतात. दुधाचे सुळे पडत नाहीत आणि त्यांच्या शेजारीच कायमचे येतात, दोन सुळे एकत्र. मध्ये अन्न अडकून किड आणि हिरड्यांचा रोग. सहा-सात महिन्यांचं झालं की तोंड उघडून बघा. नसबंदी करणार असाल तर त्याच भुलीत दुधाचे सुळे काढून घेता येतात.

चौथी गोष्ट कमी दिसते पण चुकू नये. यॉर्कीमध्ये जन्मतःच एक जादा रक्तवाहिनी असू शकते, आतड्यातलं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं. पिल्लू वाढत नाही, जेवल्यावर सुस्त किंवा भ्रमिष्टासारखं वागतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं. पित्ताम्लांची रक्ततपासणी करून अंदाज येतो. वेळेत कळलं तर उपचार आहेत.

रेशमी_पदर

केस कापणाऱ्यांच्या गर्दीत मी एकटी विरोधी पक्ष दिसते :)

माझ्याकडे दोन यॉर्की आहेत, दोघेही शोमध्ये उतरलेले, केस जमिनीपर्यंत. गवतफुला, तुझं गुंत्याचं सगळं बरोबर आहे, पण "लांब केस म्हणजे कुत्र्याचा छळ" हे मला मान्य नाही. खऱ्या रेशमी पोताचा केस फार कमी गुंततो. सतत जटा होतात तो बहुतेक वेळा कापसासारखा मऊ पोत असतो, आणि तो बाजारातल्या बऱ्याच यॉर्कींत येतो. तुमच्या कुत्र्याचा केस हाताळून बघा. थंड, जड, चमकदार लागला तर रेशमी. हलका, फुललेला, मॅट लागला तर कापूस. कापूस असेल तर मीच सांगेन, काप बाई.

शोच्या कुत्र्यांचे केस रोज मोकळे नसतात. थोडं तेल लावून बटा करायच्या, प्रत्येक बट पातळ कागदात गुंडाळायची, घडी घालायची, छोटं रबर लावायचं. दर दोन दिवसांनी सोडून, विंचरून पुन्हा बांधायचं. अशा पुड्या बांधलेले माझे दोघे गच्चीवर मस्त पळतात. डोक्यावरचा तुरा मात्र कधी घट्ट बांधू नका. भुवया ताणलेल्या दिसल्या की सैल करा, नाहीतर तिथले केस मुळापासून जातात.

आणि उन्हाळ्याचं कारण देऊन कोणी अंगावर झिरो मशीन फिरवू नये. गुलाबी कातडी उन्हात भाजते.

गवतफुला

रेशमी_पदर, छळ मी म्हटलं नव्हतं गं :) पण पुड्या बांधायला रोज वेळ देणारी तू आणि ऑफिसवरून आठला येणारी मी यांत फरक आहे. भुंग्याचा पोत बघितला. पाठीवर रेशीम, पायांवर आणि छातीवर शुद्ध कापूस. म्हणजे पाय कापायला तुझीही परवानगी मिळाली असं धरते.

गोठ्यातला_डॉक्टर

केस कापण्याबद्दल एक भर. हस्की, पॉमेरेनियन यांचे दोन थर असतात, त्यांना तासून काढलं तर केस परत नीट न येण्याचा धोका असतो. यॉर्कीत आतला थर नाही, त्यामुळे तो प्रश्न जवळजवळ नाही. अर्धा-एक इंच ठेवून कापा, ऊनही लागत नाही आणि जटही होत नाही. कुत्रा थंड होतो तो मुख्यतः धापा टाकून. केस कापले म्हणून दुपारी बाराला डांबरावर फिरवायचा परवाना मिळत नाही. हाताची पालथी बाजू रस्त्यावर ठेवा, तुम्हाला सोसवली नाही तर त्याच्या पंजांनाही नाही.

आगाऊ_काका

एवढा सगळा खटाटोप करून विलायती खेळणं कशाला पाळायचं? रस्त्यावरची पिल्लं उचला. ना कंगवा, ना ड्रायर, ना पुड्या. आपल्या हवेत जन्मलेली, आपल्या हवेत तगणारी. बाकी चालू द्या.

गवतफुला

काका, नवा कुत्रा घेणाऱ्याला मीही इंडीच सुचवीन. भुंगा मात्र मावशीच्या घरून आलेला आहे, त्याला "तू विलायती, जा परत" म्हणता येत नाही. आणि खेळणं म्हणाल तर एकदा येऊन त्याच्या ताटलीला हात लावून बघा.

लीड्सची_माहेरवाशीण

आगाऊ काकांच्या "खेळणं" शब्दावरून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला राहते, तिथलाच हा कुत्रा. लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स ही सगळी लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्यांची गावं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात इथे आले आणि सोबत आपले छोटे टेरियर घेऊन आले. त्यांच्या संकरातून ही जात घडली. गिरणीत आणि कामगारांच्या घरात उंदीर मारणं हे त्यांचं काम. मालकांच्या बंगल्यात मांडीवर बसणं नंतर आलं.

या जातीचा मूळपुरुष मानतात तो हडर्सफील्ड बेन. जन्म १८६५, ब्रॅडफर्डच्या फॉस्टर बाईंच्या मालकीचा. शोमध्ये बक्षिसं मिळवायचा आणि उंदीर मारण्याच्या शर्यतीही जिंकायचा, दोन्ही एकाच कुत्र्याने. १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून गेला, पण तोवर त्याची पिल्लं सगळीकडे पोचली होती. आधी या कुत्र्यांना स्कॉच टेरियर म्हणत, यॉर्कशायर हे नाव १८७० च्या सुमारास रूढ झालं आणि १८८६ मध्ये केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. इतके लांब रेशमी केस बघून लोक थट्टेने म्हणत की हे गिरणीतल्या मागावरच विणले असणार.

आणखी एक. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात १९४४ मध्ये एक यॉर्की सापडली. विल्यम विन नावाच्या अमेरिकन सैनिकाने तिला विकत घेऊन स्मोकी नाव ठेवलं. वजन दोन किलोही नाही. पुढे फिलिपाइन्समधल्या लिंगायेनच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. तिथे सत्तर फूट लांब अरुंद पाइप होता, काही ठिकाणी मातीने अर्धा बुजलेला. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, पलीकडून विनने हाका मारल्या आणि ती दोरी घेऊन बाहेर आली. एरवी धावपट्टी खणावी लागली असती. भुंगा पार्किंगच्या पाइपपाशी बसतो हे वाचून मला तीच आठवली.

इथे आमच्या शेजारच्या आजोबांचा यॉर्की वर्षभर आखूड केसांत असतो. कालव्याच्या काठचा चिखल इतका की लांब केस परवडतच नाहीत. ज्या गावात ही जात जन्मली तिथले सामान्य लोकही कापतातच, हे तुझ्या आईला सांग.

कल्याण_स्लो

वा, भारी माहिती! माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यांना हा कुत्रा दाखवला असता तर म्हणाले असते, "आमच्या खात्यात हवा होता."

टीकपवाल्याला नोंदणी क्रमांक विचारला. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलंय.

गोठ्यातला_डॉक्टर

@कल्याण_स्लो, अभिनंदन. पैसे वाचले.

लीड्सच्या ताईंनी उंदरांचा विषय काढलाच आहे तर महत्त्वाचं सांगतो. टेरियर उंदीर दिसला की पकडून झटकणारच, ते रक्तात आहे, ओरडून जाणार नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या लघवीतून जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतात, कुत्र्याच्या जखमेतून किंवा तोंडावाटे शिरतात, मूत्रपिंड आणि यकृत धरतात. कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. मुंबई, ठाणे, कोकणात पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून कुत्रा चालवला असेल तर घरी आल्यावर पाय आणि पोट धुवा, सुकवा. लांब केस पोटाखाली लोंबत असतील तर ते पाणी घरात येतं आणि कुत्रा चाटतो.

गोचिडांबद्दल कोणी काही बोललं नाही. केसाळ कुत्र्यात गोचीड फुगून मोठी होईपर्यंत दिसत नाही. हात फिरवून शोधा, कानाच्या आत, बोटांत, गळ्याखाली. कुत्रा खात नाही, ताप आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, नाकातून रक्त आलं, अंगावर जांभळे ठिपके दिसले, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडतापात प्लेटलेट झपाट्याने उतरतात. प्रतिबंधासाठी तोंडावाटे द्यायच्या गोळ्या आता मिळतात, पण त्या वजनानुसार असतात. वीस किलोच्या लॅबची गोळी अर्धी करून तीन किलोच्या यॉर्कीला देऊ नका. पूर्वी फेफरं आलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि गाईच्या गोठ्यात फवारायचं औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला अंघोळ घालणारे लोक मी बघितलेत. कृपा करा.

पेन्शनर_नातू

वाचून एक विचारतो. आमच्या घरी दोन पिढ्यांत यॉर्कीच्या खाण्यावरून शीतयुद्ध चालू आहे. बाबा म्हणतात, "पोळी-तूप खाऊन कोणी मेलं नाही." माझ्याकडे मुद्दे नाहीत, फक्त चिडचिड आहे. कोणी मुद्दे पुरवेल का?

गवतफुला

मुद्दे घ्या. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, कच्चे असोत वा शिजवलेले. म्हणजे पोहे, उपमा, रस्सा, ऑम्लेट सगळं बाद. बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, प्रसाद म्हणून कोणी हळूच भरवतो. चॉकलेट सगळ्यांना माहीत आहे. शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल त्याहून वाईट. आणि आपल्या घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम? ताप वाटला म्हणून "पाव गोळी" देण्याचा मोह होतो, ती पाव गोळी तीन किलोच्या जिवाला फार असते.

तुपाचं डॉक्टर सांगतील.

गोठ्यातला_डॉक्टर

यॉर्कीला स्वादुपिंडाचा दाह होण्याची प्रवृत्ती असते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे हे पेशंट येतात : चकली, शेव, मटणाची चरबी, तूप. सारख्या उलट्या, पोट दुखतं म्हणून पुढचे पाय खाली आणि मागचा भाग वर करून बसणं. सलाइनवर ठेवावं लागतं, काही वाचत नाहीत. बाबांना सांगा, कमी तेलाचं उकडलेलं चिकन, भात, भोपळा, गाजर द्यायला हरकत नाही, पण रोजचं पोटभर जेवण तेवढंच असेल तर कॅल्शियम आणि इतर घटक कमी पडतात. तीन किलोच्या कुत्र्यासाठी अख्खी पोळी म्हणजे माणसाच्या हिशेबात ताटभर जास्तीचं जेवण.

पेन्शनर_नातू

बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "गाई-म्हशींचा डॉक्टर आहे ना? मग बरोबर सांगत असेल" म्हणाले. पोळी बंद. तूप बोटाला लावून चालू आहे, तपास सुरू आहे.

ठाणेकरीण_०७

आमच्या सोसायटीने नोटीस लावली आहे की कुत्रे लिफ्टमधून न्यायचे नाहीत आणि भुंकल्यास दंड. आमची यॉर्की कुकरच्या शिट्टीलाही भुंकते. सातव्या मजल्यावर राहतो. काय करायचं?

गवतफुला

लिफ्टची बंदी आणि भुंकण्याचा दंड, दोन्ही चालत नाहीत. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही. त्या सूचना छापून सेक्रेटरींना लेखी पत्रासोबत द्या, तोंडी भांडू नका. त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलंय की लसीकरण ठेवा, घाण उचला, भुंकणं आटोक्यात ठेवा. तेव्हा महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीजच्या लसीचा कागद सोबत जोडा. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

भुंकण्याबद्दल : टेरियर पहारेकरी आहे, पूर्ण गप्प होणार नाही. ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. आम्ही मोबाइलवर बेलचा आवाज रेकॉर्ड करून आधी अगदी हळू, मग मोठा वाजवत गेलो आणि प्रत्येक वेळी भुंकायच्या आत त्याच्या चटईवर चिकनचा कण. आता बेल वाजली की एकदा "भॉक" करून चटईकडे पळतो. कुकरवर प्रयोग चालू आहे. शिट्टी कधी होणार हे आपल्याच हातात नसतं, तीच अडचण.

रेशमी_पदर

गवतफुला, पायांच्या केसांचं काय झालं? आणि ग्रूमरकडे जाणार असशील तर एक ऐक. "पपी कट" म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काहीतरी असतं. सेंटिमीटरमध्ये सांग, फोटो दाखव, आणि जट सापडली तर आधी फोन करा असं बजाव. माझ्या मैत्रिणीचा कुत्रा एका ठिकाणी न विचारता पार तासून परत आला होता, वर मशीन तापून पोटावर भाजल्याच्या खुणा. ड्रायर लावून पिंजऱ्यात बंद करून जातात का तेही विचार. उभं राहून हाताने सुकवत असतील तरच ठेव. कानांच्या टोकाचा वरचा भाग मात्र बारीक कापायला सांग. तिथे केस जड झाले की कान पडतात.

गवतफुला

कापले! पाय, पोट, छाती दोन सेंटिमीटर, पाठीवर थोडे लांब आणि डोळ्यांवरचे छोटे. तुरा गेला. आई दोन तास बोलली नाही, मग संध्याकाळी भुंगा कुंडी उकरून आल्यावर ओल्या फडक्याने तीन पुसण्यांत साफ झाला तेव्हा म्हणाली, "हे आधी का नाही केलं?" कंगवा अजून रोज लागतोच, आखूड केसही काखेत गुंततात. पण आता ते पाच-सात मिनिटांचं काम आहे.

डॉक्टर, एक प्रश्न राहिला. लेप्टोची लस मावशीने दिली होती का याची नोंद सापडत नाही. रेबीजची आहे. आता काय करू, आणि कधी?

गोठ्यातला_डॉक्टर

नोंद नाही म्हणजे दिली नाही असं धरा. मोठ्या कुत्र्यालाही नव्याने सुरू करताना दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. एकाच डोसवर थांबलं तर संरक्षण नीट बसत नाही. त्यानंतर दरवर्षी एक, चुकवायचा नाही, कारण या लसीचा परिणाम साधारण वर्षभरच टिकतो. एप्रिल-मेमध्ये दोन्ही डोस पूर्ण करा म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत काम होतं. छोट्या जातींत लसीनंतर क्वचित तोंड सुजणं, गांधी येणं, उलटी असा त्रास होतो, म्हणून त्याच दिवशी चार लसी एकदम देऊ नका आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. फाइल नवी करा, वजन दर भेटीत लिहून घ्या. तीन किलोच्या कुत्र्यात दोनशे-तीनशे ग्रॅम घटले तरी मला कळायला हवं.